ओळखीचा सातबारा

परभणीविषयी दोन म्हणी साऱ्या मराठवाड्यात रूढ असून त्या बहुधा एकाच तोंडाने आणि एकाच दमात सांगितल्या जातात. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही पहिली. 'बनी तो बनी, नही तो परभणी' ही दुसरी. पहिलीत परभणीकराचे स्वतःविषयीचे मत आले आहे आणि दुसरीत इतरांचे परभणीविषयीचे. जर्मनीचा आणि परभणीचा यमकापलीकडे काही ऋणानुबंध असल्याचे आम्हांस ठाऊक नाही, आणि जर्मन लोकांस तर ते यमकही ठाऊक नसावे. परंतु दुसरी म्हण सरकारी चाकरीत मुरलेल्या मनुष्याला उलगडून सांगावी लागत नाही. वरिष्ठांची मर्जी राखता आली, मंत्रालयातल्या योग्य त्या दाराशी योग्य त्या घटकेस उभे राहता आले, तर पुणे, नाशिक, ठाणे यांपैकी एखादे स्थळ पदरी पडते. आणि यांतले काहीच न साधल्यास हुकमाच्या शेवटच्या ओळीत जे गाव वाचावयास मिळते, त्याचे नाव म्हणकर्त्याने आगाऊच देऊन ठेवले आहे. तात्पर्य, संबंध जोडण्याच्या कलेत जे नापास झाले ते बाडबिस्तरा घेऊन येथे रुजू होतात, आणि येऊन पाहतात तो काय, या जिल्ह्याच्या नऊही तालुक्यांना संबंध जोडण्यावाचून दुसरा उद्योगच नाही!

अलीकडे तरुणांस करिअर आणि नेतृत्व या विषयांवर उपदेश करणाऱ्या व्याख्यात्यांचे पीक पाऊसमानाची पर्वा न करता दरसाल भरघोस येते. हे व्याख्याते पुण्याहून येतात, कोट घालून येतात आणि भिंतीवर चित्रे दाखवीत असे सांगतात की, उत्कर्षाची इच्छा धरणाऱ्याने हस्तांदोलन दृढ करावे, स्मित प्रसन्न ठेवावे, खिशात स्वतःच्या नावाची कार्डे बाळगावीत आणि समोरच्याचे नाव प्रथम भेटीतच मुखोद्गत करावे. हा सारा उपदेश मूळचा डेल कार्नेगी या अमेरिकन गृहस्थाचा असून त्याने तो १९३६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला, व तेव्हापासून तो कोट बदलून बदलून जगभर हिंडतो आहे. अमेरिकेत त्याने पुष्कळांचे कल्याण केले असेल. परभणीत मात्र त्याची पहिल्याच पायरीवर अडचण होते. कारण मनुष्याविषयी जी काही माहिती मिळवावयाची तीत नाव ही येथे सर्वांत कमी उपयोगाची बाब समजतात, आणि केवळ नाव सांगून थांबणारा इसम काहीतरी दडवीत आहे अशी ऐकणाऱ्याची खात्री होते.

एस. टी.च्या बाकावर, दवाखान्याच्या ओट्यावर किंवा दुय्यम निबंधकाच्या कचेरीतल्या रांगेत दोन अनोळखी माणसे शेजारी आली, की जो संवाद घडतो त्याचा साचा ठरलेला असतो.

"पाहुण्याचं गाव कोन्तं म्हनायचं?"

"बोरी."

"बोरी म्हंजी जिंतूरची? मंग तुमच्या तिथल्या शाळेवर ते उंच सर होते, जाड भिंगाचा चष्मावाले…"

"ते आमच्या चुलत्याचे साडू."

"अरे बाप्पा! आमच्या थोरल्या भावाची सोयरीक त्यांच्याच भावकीत. मंग आपुन पाहुणेच की! सध्या काय करू लालाव?"

येथे चौकशीचा खरा प्रारंभ होतो. 'काय करू लालाव' या प्रश्नाला जे उत्तर मिळेल त्यावरून हा मनुष्य कोणत्या कचेरीत, कोणत्या टेबलावर बसतो, त्या टेबलाशी आपले किंवा आपल्या मेहुण्याचे काय काम निघू शकते, आणि ते उद्या निघणार नसले तरी परवा निघण्याचा संभव किती, याचा हिशेब मनातल्या मनात मांडला जातो. तेवढ्यात चहा येतो, चहाचे पैसे कोणी द्यायचे यावरून खिसा धरण्यापर्यंत झटापट होते, आणि एस. टी. लागेपर्यंत दोघांचा संबंध अशा थराला पोहोचतो की, एकाने दुसऱ्याच्या मुलीसाठी स्थळ सुचवून टाकलेले असते. दोघांनाही एकमेकांचे नाव मात्र अद्याप ठाऊक नसते. ते उतरताना विचारले जाते, आणि तेही मोबाइलमध्ये नंबर कशाखाली साठवायचा याची पंचाईत पडते म्हणून. शेवटी 'बोरी पाहुणे' या नावानेच तो साठविला जातो.

मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली एक निबंध लिहून असा सिद्धान्त मांडला की, माणसाच्या जीवनात जिवलगांपेक्षा दूरच्या, अधूनमधून गाठ पडणाऱ्या ओळखींचे महत्त्व अधिक असते. त्याने बॉस्टनजवळच्या न्यूटन या गावी नोकरी बदललेल्या माणसांकडे तपास केला, तेव्हा ज्यांना नोकरीची खबर ओळखीतून लागली होती त्यांना ती बहुतेक अशा अर्धवट ओळखीच्या माणसांकडूनच लागली होती असे दिसून आले. आणि कारणही उघड आहे, की जिवलगांना जे ठाऊक असते ते आपल्यालाही असतेच, नवी बातमी यावयाची ती परक्या वर्तुळातून. सिद्धान्त निर्दोष आहे. ग्रॅनोव्हेटरचे सुदैव एवढेच की तो न्यूटनला गेला. परभणीला आला असता तर अर्धवट ओळखीचा मनुष्य त्याला जिल्ह्यात औषधालाही सापडला नसता, कारण ओळख अर्धवट ठेवणे हा येथे असभ्यपणा मानतात. सगळे सगळ्यांचे पाहुणे असल्यामुळे नोकरीची खबर कोणाला कोणाकडून लागली हा प्रश्नच उपस्थित होत नाही. जाहिरात वर्तमानपत्रात येते तोवर कोण लागणार हे नानलपेठेपासून वसमत रोडपर्यंत सर्वांस ठाऊक असते, आणि जाहिरात ही त्या बातमीची केवळ सरकारी नक्कल म्हणून वाचली जाते.

या ओळखींचे स्वरूप ज्याला समजून घ्यावयाचे असेल त्याने व्याख्यात्यांकडे न जाता तलाठ्याकडे जावे आणि एक सातबारा काढून तो शांतपणे वाचावा. सातबाऱ्याच्या वरच्या भागात, म्हणजे गाव नमुना सातमध्ये, जमीन कोणाची आहे हे लिहिलेले असते, आणि खालच्या बारामध्ये तीत प्रत्यक्ष काय पिकते हे. ओळखीचेही असेच आहे. आमदारसाहेबांशी आपली ओळख असल्याचे जो सांगतो त्याचा सात निर्वेध असतो, बारा मात्र पुष्कळदा पडीक निघतो. कित्येक ओळखींत लागवडीलायक क्षेत्र थोडे आणि पोटखराबाच फार. त्यांवर वर्षानुवर्षे नमस्काराचा सारा भरावा लागतो, हाती काही लागत नाही. ओळख वारसाहक्काने चालते. वडिलांनी १९७२ च्या दुष्काळात कोणाला तरी कडब्याच्या चार पेंढ्या दिल्या असतील, तर त्या पेंढ्यांचा फेरफार होऊन त्या नातवाच्या नावे लागतात आणि नातू त्यांच्या बळावर जिल्हा परिषदेत जाऊन बसतो. पण सर्वांत काळजीपूर्वक वाचावयाचा असतो तो 'इतर हक्का'चा रकाना. विहिरीत कोणाचा किती हिस्सा, सोसायटीचा बोजा किती, हे तेथे बारीक अक्षरांत नोंदलेले असते. आणि 'आपलं काम झालं समजा' असे म्हणणाऱ्या प्रत्येक परिचिताच्या कपाळी हा रकाना असतो, तो वाचण्याइतकी नजर मात्र सर्वांना नसते. हल्ली पीक पाहणीसाठी तलाठ्याची वाट पाहावी लागत नाही, शेतकऱ्याने स्वतःच मोबाइलवर आपल्या पिकाची नोंद करावी अशी सोय झाली आहे. ओळखीची पाहणीसुद्धा आता रोज पहाटे मोबाइलवरूनच होते. गुलाबाचे फूल आणि त्याखाली एक सुविचार पाठविला, की बांध शाबूत असल्याची नोंद होते.

हा स्वभाव काही एका पिढीत घडलेला नाही. पहिल्या सालारजंगाने १८६५ साली निजामाच्या मुलखात जिलेबंदी केली, तेव्हा जिल्ह्याच्या मुख्य अंमलदारास अव्वल तालुकदार हा हुद्दा मिळाला व त्याच्या हाताखाली दोयम आणि सोयम तालुकदार नेमले गेले. ज्या राज्यात माणसाच्या नावाआधीच पहिला, दुसरा, तिसरा असा क्रमांक येतो, तेथे पहिल्याशी आपले कसे काय आहे याची चिंता दुसऱ्याने आणि तिसऱ्याने अहोरात्र करावी, हे ओघानेच आले. खुद्द हैदराबादेस दरबारात अंमलदारांनी हुजुरांसमोर अशरफी आणि रुपये तळहातावर ठेवून नजर करावयाची वहिवाट होती, आणि शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान हे ती नजर नुसती स्पर्शून परत न करता प्रत्यक्ष ठेवून घेत, अशी त्यांची ख्याती आहे. व्यावसायिक संबंधांत निःसंदिग्धपणा असावा असे व्याख्याते सांगतात. यापेक्षा निःसंदिग्ध काय असावयाचे! पुढे १९४८ च्या सप्टेंबरात निजामी गेली, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला; एकाच कारकुनाने एकाच टेबलावर बसून चार अमदानींचे शिक्के उमटविले, आणि त्याने पाहिले की शिक्के बदलतात, शाई बदलते, परंतु 'साहेब कसे आहेत?' हा प्रश्न बदलत नाही. नायब तहसीलदारास खेड्यांतली म्हातारी माणसे अजूनही पेशकार म्हणतात, मंडळ अधिकाऱ्यास गिरदावर म्हणतात, आणि काम अडले असता ज्याच्याकडे जावयाचे त्याला, त्याचा हुद्दा कोणताही असो, 'आपला माणूस' म्हणतात.

महाराष्ट्र शासनाने या आपलेपणावर काही निर्बंध घातले आहेत, हे न सांगणे अन्यायाचे होईल. १९७९ च्या वर्तणूक नियमांनी सरकारी नोकराने आपल्या सेवाविषयक बाबींत वरिष्ठांवर बाहेरचे वजन आणू नये असे बजावले आहे. नियम सर्वांना मान्य आहे. म्हणूनच कोणीही वजन आणीत नाही, फक्त 'सहज भेटायला म्हणून' एखाद्या वजनदार गृहस्थास बरोबर नेतात. पुढे २००५ साली 'महाराष्ट्र शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध अधिनियम' आला. विलंबास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याचे नाव उच्चारण्यातच निम्मी दुपार जावी यात काही विसंगती आहे असे वाटणारा मनुष्य शासकीय चाकरीत टिकत नाही. या अधिनियमान्वये एका पदावर सामान्यतः तीन वर्षे राहावयाचे आणि सर्वसाधारण बदल्या वर्षातून एकदा, एप्रिल किंवा मे महिन्यात व्हावयाच्या. परिणामी स्नेहभावालाही ऋतुमान प्राप्त झाले. फाल्गुनात रानात पळस फुलू लागला, की कचेऱ्याकचेऱ्यांतून विस्मृत मित्रांची आठवण उसळून येते. तीन वर्षांत ज्यांना दिवाळीचे पत्र गेले नाही त्यांच्या प्रकृतीची चौकशी होते. आणि संध्याकाळनंतर परभणीच्या फलाटावर देवगिरी एक्सप्रेसची वाट पाहत जी मंडळी उभी असतात, त्यांत हातात बॅग, बॅगेत अर्ज आणि अर्जावर कोणाची तरी शिफारस असणारे किती, हे त्यांच्या मुद्रेवरूनच ओळखू येते. एकमेकांची गाठ पडताच दोघेही मुंबईला दवाखान्याच्या कामासाठी निघालेले असतात. सकाळी दोघेही मंत्रालयाच्या दारातल्या पासाच्या रांगेत एकामागे एक उभे राहतात, आणि आपापल्या आजाराविषयी पुन्हा एक शब्द काढीत नाहीत.

वरिष्ठाने कनिष्ठाविषयी लिहावयाच्या गोपनीय अहवालातही संबंधांची ही सूक्ष्मता उतरली आहे. त्यात 'अत्युत्कृष्ट', 'उत्कृष्ट', 'निश्चित चांगला' आणि 'चांगला' अशा पायऱ्या आहेत. निश्चित चांगला हा चांगल्याच्या वर आहे, यावरून नुसता चांगला म्हणजे ज्याच्या चांगुलपणाविषयी शासनास खात्री नाही असा मनुष्य, हे उघड होते. चांगल्याला निश्चित करून घेण्यासाठी जी खटपट करावी लागते ती कचेरीत करून भागत नाही. तिचे खरे स्थळ म्हणजे हुरड्याचा फड.

मार्गशीर्ष-पौषात रब्बीची ज्वारी हुरड्यावर आली, की ज्याच्या घरी गूळभेंडीचे चार तास आहेत असा कारकून एकाएकी साऱ्या कचेरीचा आप्त होतो. वर्षभर ज्याच्या रजेचा अर्ज टेबलावर लोळत पडलेला असतो, त्याला साहेब स्वतः बोलावून 'यंदा थंडी बरी आहे, नाही?' असे विचारतात. थंडीचा उल्लेख साहेबाच्या तोंडून आला म्हणजे त्याचा अर्थ काय करावयाचा, हे समजण्यासाठी खात्याची परीक्षा द्यावी लागत नाही. मग रविवारी दोन जीपगाड्या शेताकडे निघतात. आगटी आदल्या रात्रीच खणलेली असते, गोवऱ्यांचा विस्तव पडून राखेखाली लाल झालेला असतो, आणि बांधावर लिंबाच्या सावलीत सतरंज्यांची मांडणी अशा बेताने केलेली असते की धूर कोणत्याही दिशेला वळला तरी तो अव्वल कारकुनाच्या डोळ्यांत जावा, साहेबांच्या नव्हे. येथून पुढे सेवाज्येष्ठता यादी शब्दांवाचून वाचावयास मिळते. कणसे खुडून आणतो तो शिपाई. आगटीत खुपसून भाजतो तो शेताचा गडी, कारण ती विद्या फक्त त्यालाच येते. भाजलेले कणीस तळहातांवर चोळून हिरवेगार दाणे पाखडण्याचा मान मात्र मोठा आहे, आणि त्यावरून कनिष्ठांत आणि वरिष्ठांत अदृश्य चुरस असते. कारण ज्याने चोळले त्याच्याच हातून दाणे साहेबांच्या पुढ्यातल्या पळसाच्या पानावर पडतात, आणि ज्याच्या तळहाताला चटका बसला त्याचा चेहरा साहेबांच्या लक्षात राहतो. आम्ही असे गृहस्थ पाहिले आहेत की ज्यांनी सबंध वर्षात एक टिपणी धड लिहिली नाही, परंतु पौषातल्या एका दुपारी दोन्ही तळहात भाजून घेतले, आणि मार्चअखेरीस निश्चित चांगले ठरले.

या सोहळ्याचे आणखी एक वैशिष्ट्य असे की, त्यात कामाची गोष्ट काढावयाची नसते. शेंगदाण्याची चटणी, लसणाची चटणी, दही, गूळ आणि रेवड्या यांविषयी बोलावयाचे; पाण्याची पातळी आणि सोयाबीनचा भाव यांविषयी चिंता व्यक्त करावयाची; 'आमच्याकडे कोकणात असलं काही नसतं' असे साहेब म्हणाले की मराठवाड्याच्या वतीने विनयाने हसावयाचे. एखाद्या नवख्या लिपिकाने तोंडात दाणे असतानाच वेतननिश्चितीचा विषय काढला, तर सतरंजीवर जी शांतता पसरते ती पुढे दोन अर्थसंकल्पी वर्षे पुरते. काम बोलावयाचे नाही आणि कामाशिवाय दुसरे काही मनात नाही, अशा अवस्थेत चार तास प्रसन्न राहणे ही साधी साधना नव्हे. आणि नेतृत्वगुण म्हणून जे काही म्हणतात ते बहुधा हेच असावे, असे आम्हांस त्या धुराच्या आडून अनेकदा वाटले आहे.

लग्नांविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्यांचा विस्तार करू गेल्यास हा अंक पुरणार नाही. परभणीच्या बाजूचे लग्न हा वधूवरांचा खाजगी समारंभ नसतो. तो त्या घराण्याच्या संबंधांचा जाहीर ताळेबंद असतो आणि तो ध्वनिक्षेपकावरून वाचून दाखवितात. कोण आले, कोणत्या पदावर आहेत, माजी आहेत की भावी आहेत, हे पुकारणारा एक स्वतंत्र गृहस्थ असतो, आणि त्याच्या स्मरणशक्तीपुढे आमच्या व्याख्यात्याने आपली कार्डे गुंडाळून ठेवावीत. बारा पस्तीसचा मुहूर्त असताना मान्यवर मानवतहून निघाले आहेत असे कळते. ग्रहांनी थोडी कळ काढावी अशी विनंती मनोमन केली जाते. आणि ग्रहही याच जिल्ह्यावर भ्रमण करीत असल्याने ते ऐकतात. नाव पुकारले गेले नाही म्हणून टॉवेल-टोपी न घेता उठून गेलेला पाहुणा आणि त्याची समजूत घालण्यासाठी अक्षता टाकून धावलेला वधूपिता, हे दृश्य आम्ही मंगलाष्टके चालू असताना पाहिले आहे. सरकारी नोकराच्या घरचे लग्न असल्यास त्यात आहेराची वही ठेवणाऱ्या मेहुण्याला खात्याची पदसोपान-परंपरा वरपासून खालपर्यंत पाठ होते. तो उपसचिवांच्या परीक्षेस बसता तर पहिला आला असता.

यापेक्षा खराखुरा व्यवसायसंबंध पाहावयाचा असेल तर मोंढ्यात जावे. आडत्या आणि कास्तकार यांचे नाते दोन-दोन पिढ्या चालते, आणि त्यात 'नेटवर्क' नावाची वस्तू मोबाइलला रेंज नसते तेव्हाच आठवते. पेरणीला उचल हवी, पोराची फी भरायची, म्हातारीला नांदेडला न्यायचे, या साऱ्या प्रसंगी बँकेच्या आधी आडत्याची गादी आठवते. आणि सुगीत माल त्याच्याच दारात उतरतो, भाव शेजारी दहा रुपयांनी बरा असला तरी. हे प्रेम आहे की बोजा, याचा निवाडा अर्थशास्त्राने खुशाल करावा. आडत्याला शेतकऱ्याच्या घरातल्या उपवर मुलींची संख्या तोंडपाठ असते, शेतकऱ्याला आडत्याच्या वजनकाट्याचा स्वभाव. दोघेही याविषयी एकमेकांना बोलत नाहीत, आणि दरसाल दिवाळीत पाडव्याला एकाच ताटात चिवडा खातात.

संबंधांच्या बळावर परभणीचे नाव देशभर ज्याने नेले असा मात्र एकच प्राणी आम्हांस ठाऊक आहे, आणि तो वनस्पतिवर्गातला आहे. येथे १८ मे १९७२ रोजी कृषी विद्यापीठ स्थापन झाले. २०१३ पासून त्याला वसंतराव नाइकांचे नाव आहे. तेथल्या संशोधकांनी दिल्लीच्या पुसा सावनी या कुलीन भेंडीचा संकर भेंडीच्याच एका रानटी भाऊबंदाशी घडवून आणला. पुसा सावनीचे घराणे मोठे, रूप देखणे, परंतु केवडा रोगाने तिची पाने पिवळी पडत. रानटी सोयऱ्याचे रूप सांगण्यासारखे नव्हते, पण त्याला केवडा बाधत नसे. पुढे पिढ्यानपिढ्या माहेरकडेच संकर करून रानटीपणा काढून टाकला, काटकपणा तेवढा ठेवला, आणि 'परभणी क्रांती' या नावाने जी भेंडी निघाली ती देशात दूरवर पेरली गेली. व्याख्यात्यांनी शिबिरांत सांगण्याजोगे हे उदाहरण आहे. परंतु ते सांगत नाहीत, कारण त्यात हस्तांदोलन कोठेच येत नाही. आणि गरीब सोयऱ्याला उपयोग झाल्यावर सात पिढ्यांत पुसून टाकल्याची गोष्ट उत्कर्षार्थी तरुणांना फारच लवकर समजेल अशी त्यांना भीती वाटत असावी.

आता याच जिल्ह्यात अशीही माणसे होऊन गेली की ज्यांनी या साऱ्या शास्त्राकडे पाठ फिरवली. गंगाखेडची जनाबाई घ्या. नामदेवांच्या घरी ती दळणकांडण करी, आणि तिच्या जात्याच्या खुंट्याला साक्षात पंढरीचा विठोबा हात लावी अशी परंपरा सांगते. याहून वरची ओळख त्रिभुवनात संभवत नाही. दुसरा कोणी असता तर विठोबाकडून निदान एक चिठ्ठी घेऊन त्याने दासीपणातून कारभारीपणावर बढती मिळविली असती. हिने अखेरपर्यंत दळणच दळले, आणि दळता दळता जे म्हटले ते सातशे वर्षे टिकले. दुसरे बी. रघुनाथ. १९१३ साली सातोन्यात जन्मलेल्या या कवी-कादंबरीकाराने निजामाच्या बांधकाम खात्यात कारकुनी पत्करली, त्याच कारकुनीत हयात घालविली आणि १९५३ साली, वयाच्या चाळिशीत, परभणीतच देह ठेवला. 'आडगावचे चौधरी'सारखी कादंबरी लिहिणाऱ्या माणसाच्या गोपनीय अहवालात तत्कालीन साहेबाने कोणती पायरी दिली असेल, याची आम्हांस फार उत्सुकता आहे. आमचा कयास 'चांगला', अनिश्चित.

परभणीत बी. रघुनाथांच्या नावाचे सभागृह आहे. तेथल्या किंवा तसल्याच एखाद्या सभागृहात दर जूनमध्ये निरनिराळ्या खात्यांचे समारंभ होतात, आणि काटकसरीच्या धोरणास अनुसरून 'स्वागत व निरोप समारंभ' एकाच दिवशी, एकाच व्यासपीठावर उरकतात. जाणारे साहेब डाव्या खुर्चीवर, येणारे उजव्या. वक्ते उठतात. 'असा अधिकारी पुन्हा होणे नाही' हे वाक्य डावीकडे पाहून उच्चारतात, आणि मान उजवीकडे वळविता वळविता 'परंतु' म्हणतात. येणाऱ्या साहेबांचा चेहरा पडलेला असतो, कारण त्यांना ती म्हण ठाऊक असते. जाणाऱ्यांचा त्याहून पडलेला, कारण त्यांना पुण्याचा हुकूम मिळाला आहे, आणि पुण्याला त्यांच्या ओळखीचे कोणीच नाही. मग दोघांनाही शाल आणि श्रीफळ दिले जाते. शेवटच्या रांगेतून, पंधरा वर्षांपूर्वी सेवानिवृत्त झालेले आणि अशा प्रत्येक समारंभास न चुकता येणारे एक अव्वल कारकून उठतात, जाणाऱ्या साहेबांना बाजूला घेतात आणि खालच्या आवाजात सांगतात, "पुण्यात काही अडलं तर निस्तं आमचं नाव सांगा. तिथं कोषागारात आपला भाचा हाय."

साहेब खिशातून पेन काढतात, आणि भाच्याचे नाव विचारतात. ते काही केल्या अव्वल कारकुनांना आठवत नाही. गाव मात्र ते तालुक्यासह लिहून देतात.